ट्यूब पेटते म्हणजे नेमके काय होते?

शिक्षकांच्या शिबिरात विजेचा तास आमच्याकडे आला की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. वर्गातली चोक-स्टार्टरची ट्यूब पेटलेली आहे. कोणी स्टुलावर चढून तिचा स्टार्टर फिरवून काढून घेतला, तर काय होईल? निम्मे तरी हात 'ट्यूब विझेल' या बाजूने वर जातात. मग आम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर चढून स्टार्टर काढतो आणि खिशात टाकतो. ट्यूब जळतच राहते. कुजबुज सुरू होते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हसत म्हणते, "अहो, आमच्या घरी एकाच स्टार्टरवर तीन ट्यूब चालायच्या. एक पेटली की तोच काढून दुसरीला लावायचा."

हे अगदी खरे आहे, आणि बऱ्याच जणांनी ते केलेलेही असते. पण लगेच "मग स्टार्टर करतो तरी काय?" असे विचारले की उत्तरे येतात ती अशी: तो जास्त व्होल्टेज देतो, तो करंट साठवून ठेवतो, तो वायू तापवतो. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. हातांनी हजारदा केलेली गोष्ट आणि डोक्यात बसलेले स्पष्टीकरण यांची गाठच पडलेली नसते. मराठीत उशिरा समजणाऱ्याला 'याची ट्यूब उशिरा पेटते' असे म्हणतात. ती उशिरा का पेटते, हे आज सावकाशीने पाहू.

प्रथम नळीत काय असते ते पाहू. घरोघरी दिसणारी नेहमीची ट्यूब चार फूट लांब. जुनी जाड ट्यूब ४० वॅटची आणि ३८ मिलिमीटर व्यासाची, नंतर आलेली बारीक ट्यूब ३६ वॅटची आणि २६ मिलिमीटर व्यासाची. दोन्ही टोकांना दोन-दोन पिना असतात. एका टोकाच्या दोन पिनांमध्ये, आतल्या बाजूला, टंगस्टनच्या तारेचे एक लहानसे वेटोळे असते आणि त्यावर बेरियम, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. नळीतली हवा काढून टाकून तिथे आर्गॉन वायू भरलेला असतो, पण तो फार विरळ, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतक्या दाबाला. शिवाय पाऱ्याचा एक बारीक थेंब. काचेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या भुकटीचा लेप. बस्स, एवढेच. डाव्या वेटोळ्यापासून उजव्या वेटोळ्यापर्यंत चार फुटांत तार नाही. विद्यार्थ्यांना हे वारंवार सांगावे लागते, कारण साध्या बल्बची सवय झालेल्या मनाला ट्यूबमध्येही कुठेतरी तार असणारच असे वाटत राहते.

फळ्यावर परिपथ काढताना आम्ही खडू न उचलता वाट काढतो. मेनच्या एका तारेपासून चोक, चोकपासून डाव्या टोकाची एक पिन, वेटोळे, त्याच टोकाची दुसरी पिन, तिथून स्टार्टर, स्टार्टरपासून उजव्या टोकाची एक पिन, वेटोळे, दुसरी पिन आणि परत मेन. ही झाली सुरुवातीची वाट. आता फळ्यावरचा स्टार्टर डस्टरने पुसून टाकावा आणि रंगीत खडूने डाव्या वेटोळ्यापासून उजव्या वेटोळ्यापर्यंत नळीतून सरळ रेघ ओढावी. ही झाली पेटल्यानंतरची वाट. पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर प्रवाह कसा जातो, एवढाच खरा प्रश्न आहे.

तो आपण होऊन जात नाही. थंड वायूत मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतातच, त्यामुळे तो वीज वाहून नेत नाही. नळीच्या दोन टोकांना नुसता २३० व्होल्टचा दाब दिला तर काहीही घडत नाही. वायूला वाहक बनवायचे तर दोन गोष्टी लागतात. टोकांशी इलेक्ट्रॉनांचा पुरवठा हवा, आणि त्या इलेक्ट्रॉनांना चार फुटांची वाट फोडता यावी म्हणून क्षणभर का होईना, मोठा विद्युत दाब हवा. पहिली गरज वेटोळी तापवून भागते. ऑक्साइडांचा लेप तापून लाल झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. दुसरी गरज चोक भागवतो. या दोन्ही गोष्टी योग्य क्रमाने घडवून आणणे, हे स्टार्टरचे काम.

एखादा निकामी स्टार्टर उघडून पाहावा. अॅल्युमिनिअमच्या डबीत एक छोटी काचेची कुपी आणि तिच्या जोडीला एक बारीक कपॅसिटर दिसतो. (कपॅसिटर रेडिओत होणारी खरखर कमी करण्यासाठी असतो. कुपी मात्र फोडू नये, बाहेरूनच सारे दिसते.) कुपीत निष्क्रिय वायू भरलेला असतो आणि दोन पट्ट्या एकमेकींपासून किंचित अंतरावर उभ्या असतात. त्यांतली निदान एक द्विधातू पट्टी असते. दोन धातू एकमेकांवर जोडलेले, तापल्यावर दोघांचे प्रसरण कमीजास्त, म्हणून पट्टी वाकते. विजेच्या इस्त्रीतही हेच तत्त्व असते.

बटन दाबले की नळी अजून वाहक नसल्यामुळे मेनचा जवळपास सगळा दाब स्टार्टरच्या त्या चिमुकल्या फटीवर येतो. तेवढ्या लहान फटीतला वायू २३० व्होल्टला वाहक होतो आणि कुपीत मंद चमक दिसते. अंधारात नीट पाहिले तर ती डबीच्या भोकातूनही दिसते. या चमकेने पट्टी तापते, वाकते आणि दुसरीला जाऊन टेकते. परिपथ पूर्ण झाला! आता प्रवाह चोकमधून, दोन्ही वेटोळ्यांतून आणि टेकलेल्या पट्ट्यांतून वाहू लागतो. वेटोळी लाल होतात. ट्यूबची दोन्ही टोके उजळतात आणि मध्ये अंधार असतो, तो हा क्षण.

आणि इथे गंमत आहे. पट्ट्या एकमेकींना टेकल्या की त्यांच्यामधले विभवांतर शून्य होते आणि चमक विझते. चमक विझली की पट्टी निवू लागते. सेकंदभरात ती सरळ होते आणि दुसरीपासून सुटते. परिपथ तुटतो, आणि परिपथ तुटण्याच्या याच क्षणी ट्यूब पेटते. आपल्याला सवय असते ती बटन दाबले, परिपथ जोडला, दिवा लागला या क्रमाची. इथे दिवा लागतो तो परिपथ तोडल्यामुळे. स्टार्टर उच्च दाब देत नाही. तो फक्त हात सोडतो.

हात सोडल्यावर दाब येतो कुठून, तर चोकमधून. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे भरपूर वेढे. अशा गुंडाळीला प्रवाहाच्या बाबतीत एक प्रकारचे जडत्व असते. प्रवाह वाढू लागला की ती वाढीला विरोध करते, प्रवाह घटू लागला की घटण्याला. वाहता नळ झटकन बंद केला की जुन्या नळजोडणीत पाइप धाडकन वाजतो, तो पाइपातल्या पाण्याच्या जडत्वामुळे. चोकमध्येही प्रवाह अचानक तुटला की तसाच विद्युत दाबाचा एक तडाखा उसळतो, काही शे व्होल्टपासून हजाराच्या आसपास. तो नळीच्या दोन टोकांवर येतो. टोके तापलेली असतात, इलेक्ट्रॉन तयार असतात. वायू फुटतो आणि दुसरी वाट उघडते.

हा तडाखा वर्गात सुरक्षितपणे दाखवता येतो. मेनपासून पूर्णपणे सुटा केलेला एक जुना चोक घ्यावा. टॉर्चचे चार सेल ओळीने लावून त्यांचे सहा व्होल्ट चोकला द्यावेत आणि चोकच्या दोन टोकांना निऑनचा छोटा इंडिकेटर दिवा जोडावा. सेल जोडलेले असताना निऑन ढिम्म राहतो, कारण त्याला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी हवेत. आता सेलची एक तार झटकन काढावी. निऑन लखकन चमकतो! सहा व्होल्टमधून एवढा दाब कुठून आला, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. उघड्या तारा मात्र बोटांत धरू नयेत, कारण सहा व्होल्टचेच असले तरी चोक चांगलाच झटका देतो. आमच्या एका सहकाऱ्यांनी ते भर वर्गात सिद्ध केले होते.

ट्यूब कधी एका झटक्यात लागते, तर कधी चार-पाचदा लुकलुकून. असे का? आपल्याकडचा प्रवाह प्रत्यावर्ती, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. म्हणजे सेकंदात शंभर वेळा तो शून्यावर येतो. स्टार्टरची पट्टी नेमकी कोणत्या क्षणी सुटणार हे तिच्या निवण्यावर अवलंबून, त्याचा मेनच्या आवर्तनाशी काहीही संबंध नाही. प्रवाह ऐन भरात असताना ती सुटली तर तडाखा जोरदार. प्रवाह शून्याजवळ असताना सुटली तर तडाखा नाहीच. मग पुन्हा चमक, पुन्हा तापणे, पुन्हा सुटणे. ट्यूबचे लुकलुकणे म्हणजे नाणेफेकीतला निव्वळ योगायोग आहे, बिघाड असतोच असे नाही.

लहान गावात वाढलेल्या वाचकांना दुसरेही एक दृश्य आठवेल. संध्याकाळी सात ते नऊ, व्होल्टेज उतरलेले, दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि ट्यूब काही केल्या लागत नाही. दाब फार उतरला तर स्टार्टरच्या फटीतली चमकच सुरू होत नाही, किंवा झाली तरी तडाखा तोकडा पडतो. आमच्या घरी अशा वेळी वडील स्टार्टरच्या जागी तारेचे दोन तुकडे टेकवून झटकन सोडत आणि ट्यूब लागे. स्टार्टर करतो नेमके तेच त्यांचा हात करीत असे. आम्हाला ती जादू वाटायची. आज त्याची आठवण आली तरी अंगावर काटा येतो, कारण त्या तारा मेनशी जोडलेल्या असतात. हा प्रयोग सांगण्यापुरता ठेवावा, करण्यासाठी नव्हे.

आता ट्यूब पेटली. एकदा वायू वाहक झाला की ४० वॅटच्या नळीच्या दोन टोकांत साधारण १०० व्होल्टच दाब उरतो. स्टार्टर नळीच्या समांतर जोडलेला, म्हणून त्याच्याही वाट्याला तेवढाच दाब. त्यात कुपीतली चमक सुरू होत नाही. स्टार्टर जागेवर असतो, पण बेकार. म्हणून तो काढून खिशात टाकला तरी ट्यूबला पत्ता लागत नाही.

चोक काढला तर मात्र अनर्थ होईल. तारेचा रोध ठरलेला असतो, ओहमच्या नियमाप्रमाणे दाबाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो. नळीतल्या वायूचे तसे नाही. प्रवाह वाढला की अधिक अणू फुटून अधिक आयन व इलेक्ट्रॉन तयार होतात, त्यामुळे रोध उतरतो आणि प्रवाह आणखी वाढतो. यात आपोआप थांबण्याची जागाच नाही. एक तर फ्यूज उडेल, नाही तर वेटोळी जळतील. हा घोडा काबूत ठेवणारा लगाम म्हणजे चोक. त्याच्यामुळे प्रवाह ०.४३ अँपिअरच्या आसपास राहतो.

लगाम म्हणून साधा रोधक का वापरीत नाहीत? हिशेब करून पाहा. मेनचे २३० व्होल्ट, नळीचे १००, उरलेले १३० व्होल्ट रोधकावर. त्यातून ०.४३ अँपिअर गेले की ५६ वॅट उष्णतेत वाया. दिव्याला ४० आणि वाऱ्यावर ५६! तांब्याच्या चोकमध्ये वाया जाते ते दहा-पंधरा वॅट, तेही मुख्यतः तारेच्या रोधामुळे आणि गाभा तापल्यामुळे. चोक प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवतो आणि परत करतो.

वरच्या इयत्तांसाठी इथे एक सुरेख कोडे आहे. चालू ट्यूबवर व्होल्टमीटरने मापले तर नळीवर १०० च्या आसपास व्होल्ट मिळतात आणि चोकवर २०० च्या आसपास. बेरीज ३००. पण मेनचे तर २३० च! जास्तीचे व्होल्ट कुठून आले? ते आले नाहीत, बेरीजच चुकली. नळीवरचा दाब प्रवाहाच्या पावलावर पाऊल टाकून चालतो, तर चोकवरचा दाब त्याच्या पाव आवर्तन पुढे असतो. दोघे एकाच वेळी शिखरावर नसतात, म्हणून बेरीज काटकोन त्रिकोणासारखी करावी लागते. १०० चा वर्ग अधिक २०७ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ २३०. (चोकच्या तारेचा स्वतःचा रोध इथे सोडून दिला आहे.) पायथागोरसचा सिद्धांत पाठ असूनही त्याचा उपयोग न सापडलेल्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

येथवर फक्त वीज वाहिली, प्रकाशाचा पत्ता नाही. तो भाग आम्हाला स्वतःला अधिक आवडतो.

चालू नळीच्या भिंतीचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या तापमानाला पाऱ्याची जी वाफ होते तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सव्वालाखाव्या भागाइतका. म्हणजे आर्गॉनच्या सुमारे चारशे अणूंमागे पाऱ्याचा एक अणू. तरी सगळा प्रकाश या एकट्याकडून मिळतो आणि उरलेले चारशे तटस्थ राहतात. याचे कारण ऊर्जेच्या पायऱ्यांमध्ये आहे. अणू कितीही कमी ऊर्जा घेत नाही, ठरलेल्या पायरीइतकी मिळाली तरच घेतो. आर्गॉनची पहिली पायरी साडेअकरा इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. नळीतल्या इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत-बाहेर, त्यामुळे आर्गॉनपर्यंत सहसा कोणाचा हात पोचत नाही. दगडी पाट्यावर गोटी आपटावी तसा इलेक्ट्रॉन आर्गॉनवर आपटून जवळपास तेवढ्याच वेगाने परत फिरतो. आर्गॉनचा अणू त्याच्या सुमारे त्र्याहत्तर हजार पट जड. मग आर्गॉन हवा कशाला? तो इलेक्ट्रॉनांना आडवळणे घ्यायला लावतो, म्हणून ते थेट भिंतीवर जाऊन न आदळता पाऱ्याचा अणू भेटेपर्यंत नळीत रेंगाळतात. ट्यूब पेटवणे आणि वेटोळ्यांवरचा लेप उडून जाऊ न देणे, हीही त्याचीच कामे.

पाऱ्याची पायरी ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. घोळक्यातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांना ती गाठता येते. अशा इलेक्ट्रॉनाच्या टकरीने पाऱ्याचा अणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीत परतताना तेवढ्याच ऊर्जेचा एक फोटॉन सोडतो. त्याची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील. पाऱ्यातले हे ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट १९१४ साली जेम्स फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी बर्लिनमध्ये मोजले, आणि अणूत ऊर्जेच्या पायऱ्या असतात या बोरच्या कल्पनेला त्यातून प्रत्यक्ष आधार मिळाला. १९२५ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठी देण्यात आले. गंमत म्हणजे, अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा आपण मोजली आहे, असे त्यांना स्वतःला सुरुवातीला वाटले होते. त्यांचीही ट्यूब जरा उशिराच पेटली म्हणायची. वर्गाच्या भिंतीवरची चार फुटी नळी म्हणजे त्याच घटनेची सतत चाललेली आवृत्ती आहे.

इलेक्ट्रॉनांच्या या घोळक्याचे तापमान मोजायचे ठरवले तर ते अकरा हजार अंशांच्या घरात निघते, आणि तरीही नळीला हात लावता येतो. वायू विरळ आणि इलेक्ट्रॉन हलके, त्यामुळे त्यांची उष्णता आर्गॉनला पोचतच नाही म्हणा ना.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. इथे पांढरी भुकटी कामाला येते. ती अतिनील फोटॉन गिळते आणि कमी ऊर्जेचा, म्हणजे दृश्य प्रकाशाचा फोटॉन बाहेर टाकते. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवून दिले की बाहेर येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते. जुन्या ट्यूबमधली भुकटी म्हणजे कॅल्शियमचे एक फॉस्फेट, त्यात फ्लोरीन आणि क्लोरीन, आणि अगदी थोडे अँटिमनी व मँगनीज. अँटिमनी निळसर उजेड देते, मँगनीज नारिंगी-पिवळा, आणि दोन्ही मिळून पांढरा. त्यांचे प्रमाण बदलले की उजेडाची छटा बदलते. नंतरच्या ट्यूबमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन ठळक पट्टे देणाऱ्या, युरोपियम-टर्बियमसारखी मूलद्रव्ये असलेल्या भुकट्या आल्या. त्यांच्या उजेडात साडीचा रंग दुकानात एक आणि घरी दुसरा दिसण्याची तक्रार बरीच कमी झाली.

हे तपासायला एक जुनी सीडी पुरते. रात्री खोलीत एकच ट्यूब लावावी आणि तिचे प्रतिबिंब सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरपे पाहावे. बल्बच्या प्रकाशात इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसतो, ट्यूबच्या प्रकाशात मात्र काही रंग उठून दिसतात. त्यांतला हिरवा ५४६ आणि निळा-जांभळा ४३६ नॅनोमीटरचा. या पाऱ्याच्याच रेषा, भुकटीतून थेट बाहेर आलेल्या.

हिशेब असा: नळीला दिलेल्या विजेपैकी साधारण साठ टक्के अतिनील किरणांत जाते. पण ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन देऊन मिळतो तो सव्वादोन-अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे निम्मी ऊर्जा भुकटीतच मुरते. शेवटी जवळपास पाव भाग उजेडाच्या रूपाने हाती येतो. तरी ४० वॅटची ट्यूब सुमारे २४०० ल्यूमेन देते आणि जुना ६० वॅटचा बल्ब ७०० च्या आसपास. १९३८ साली अमेरिकेत या ट्यूब विक्रीला आल्या, त्यानंतर पाऊणशे वर्षे कचेऱ्या, शाळा आणि गिरण्या त्यांच्याच उजेडात चालल्या.

भुकटीतून निसटणारे उरलेसुरले २५४ नॅनोमीटरचे किरण साधी काच अडवते. नेमके हेच किरण जंतू मारतात. म्हणून घरी पाणी शुद्ध करण्याच्या अतिनील यंत्रात अशीच पाऱ्याची नळी असते, फक्त ती भुकटीविना आणि ते किरण पार होऊ देणाऱ्या काचेची. ती उघडून चालू स्थितीत पाहणे डोळ्यांना अपायकारक आहे.

आता एक कबुली. संक्रांतीच्या आधी आम्ही मुले फुटक्या ट्यूबची काच खलबत्त्यात कुटून मांजाला लावत असू. ती पातळ, चटकन बारीक होणारी, म्हणून तिला मागणी असायची. गल्लीत पांढरी भुकटी उडायची आणि हात पांढरे व्हायचे. त्या भुकटीत पारा मुरलेला असतो हे आम्हाला सांगणारे कोणी नव्हते. जुन्या जाड ट्यूबमध्ये वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत पारा असे, अलीकडच्या ट्यूबमध्ये तो पाच मिलिग्रॅमच्या आसपास आला. एक फुटली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खिडक्या उघडून मुलांना पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावे, केरसुणीने धूळ उडवू नये, जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत आणि बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. पण शाळेच्या अडगळीत पंचवीस ट्यूब पडलेल्या असतील आणि सुट्टीत मुले त्यांनी तलवारी खेळत असतील, तर काळजीचे कारण आहे. २०१६ च्या नियमांपासून पाऱ्याच्या नळ्या ई-कचऱ्यात मोडतात. त्या अखंड ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्याव्यात.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारतही सामील आहे. त्या करारातल्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात ठरवले की या लांब नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. तसेही एलईडीने त्यांची जागा घेतलेलीच आहे. पांढऱ्या एलईडीत पारा नाही, चोक नाही, स्टार्टर नाही. तिथे एक निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या भुकटीचा थर. म्हणजे स्टोक्सचे अनुस्फुरण तिथेही आहेच, फक्त पाऱ्याचे काम आता अर्धवाहक करतो.

शाळेतल्या जुन्या पट्ट्या उतरवायला वायरमन येईल त्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याला गाठावे आणि एक चांगला चोक, दोन-तीन स्टार्टर व एक होल्डर मागून घ्यावा. एरवी ते भंगारात किलोने जातात. ते प्रयोगशाळेच्या कपाटात निऑनच्या दिव्याशेजारी ठेवावेत. सेल तेवढे दरवर्षी नवे घ्यावे लागतील.